मांडवाची वायर

पिशोर, ता. कन्नड
९ नोव्हेंबर १९८३

काकासाहेब व्याही यांना कडूबा नवलेचा रामराम.

दिवाळीचा फराळ घेऊन मी मुकुंदवाडीला आलो होतो, तेव्हा एक गोष्ट बोलायची होती ती राहूनच गेली. तुमच्यासमोर बसलं की माझी जीभ अडखळते, त्याला मी काय करू? एसटीच्या वर्कशॉपात पंचवीस वर्षं तुम्ही नादुरुस्त गाड्यांकडं जसं पाहत आलात, तसंच माणसाकडंही पाहता. मला सारखं वाटत राहतं, की आता माझा कुठला तरी नट ढिला निघणार. म्हणून कागदावर लिहितो. कागद काही डोळे वटारत नाही.

आपल्या प्रयागला सहावा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मी तुम्हाला शिकवायला नको. तिची आई मनकर्णाबाई तर घरात लगीन निघाल्यासारखी कामाला लागली आहे. बाज नव्यानं विणून झाली, गोवऱ्या रचून झाल्या, डिंक आणि अहळीव डब्यात भरून झाले. मागच्या बाजाराला तिनं शेळीसुद्धा घेतली, वेळेला घरात दूध असावं म्हणून. मी म्हटलं, "आगं, पोर आजून यायचीय." तर म्हणते, "यायचीय म्हणूनच तर. आल्यावर काय शेळी हुडकीत फिरू व्हय?"

तेव्हा सातव्यात डोहाळजेवण उरकून प्रयागला इकडं पाठवावी. दवाखान्याची काळजी करू नका. कन्नडचा मोठा दवाखाना तासाभराच्या वाटेवर आहे आणि आपली गाडी दारात उभी आहे. बासष्ट सालची अँबॅसिडर असली तरी पहिल्या हाकेला उठते. माझी पोरं इतक्या लवकर उठत नाहीत.

लोभ आहेच. तो वाढवायचा, तर मुलगी पाठवा.

तुमचा
कडूबा

---

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१६ नोव्हेंबर १९८३

श्री. कडूबा नवले यांस नमस्कार.

पत्र पोचलं. सुनेला माहेरी पाठवायला माझी ना नाही, आणि तिच्या सासूबाईंची, आमच्या सारजाबाईंची तर नाहीच. मात्र एक अट आहे. ती स्पष्ट लिहितो, कारण मला गोल गोल बोलता येत नाही.

दिवाळीला तुम्ही आमच्याकडून निघालात तेव्हा दिवेलागण झाली होती. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तुमच्या गाडीचा उजेड पाहत होतो. उजेड कसला, दोन पिवळी लिंबं रस्त्यानं घरंगळत चालली होती. कन्नड ते पिशोर रस्ता मी पाहिलेला आहे. डोंगरातली वळणं, पुलाला कठडा नाही आणि हिवाळ्यात धुकं. बाळंतपण काही पंचांग बघून येत नाही. गाडीचे दिवे सुधारल्याशिवाय मी सून पाठवणार नाही.

तुम्ही म्हणाल, मोठे बल्ब टाकतो. तसं करू नका. दोष बल्बचा नाही, वायरचा आहे. बॅटरीतली वीज आधी आत बटनापर्यंत येते, तिथून पुन्हा पुढं दिव्यांपर्यंत जाते, आणि तीही वीस वर्षं जुन्या बारीक वायरीतून. कच्च्या पाटातलं पाणी वाटेतच जिरतं आणि शेवटच्या वाफ्याला ओल लागते तेवढीच, तसं हे आहे. यावर इलाज म्हणजे रिले. रिलेला मुकादम समजा. बटनानं त्याला फक्त हुकूम द्यायचा. ओझं वाहायला बॅटरीपासून दिव्यापर्यंत नवी जाड वायर, आणि वायर तापली तर स्वतः जळून गाडी वाचवायला मध्ये फ्यूज. एवढं केलं की तुमचे जुने दिवेसुद्धा ओळखू येणार नाहीत. त्यांच्या जोडीला खाली आणखी दोन दिवे बसवायचे.

कन्नडच्या गाडीवरचे कंडक्टर मोहियोद्दीन आमच्या शेजारी राहतात. त्यांच्या हाती एक खोकं पाठवलं आहे. त्यात दोन दिवे, रिले, फ्यूज, जाड वायरचं भेंडोळं आणि मी काढलेली आकृती आहे. कोणाही जाणकाराकडून बसवून घ्या.

शेळीचं ऐकून सारजाबाई दिवसभर हसत होत्या. त्यांचा मनकर्णाबाईंना नमस्कार.

आपला
काकासाहेब ठोंबरे

---

पिशोर
२७ नोव्हेंबर १९८३

काकासाहेब, रामराम.

खोकं परत पाठवलं आहे. दोरीची गाठसुद्धा सोडलेली नाही. हवं तर मोहियोद्दीनभाईंना विचारा.

पाव्हणे, लेकीच्या घरचं मी पाणीसुद्धा घेत नाही. तुमच्याकडं आलो की तहान लागली तर मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन पितो, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. तिच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत आमच्यात ही रीत आहे. आणि तुम्ही मला दिवे पाठवता? उद्या गाव म्हणेल, कडूबानं मुलगी दिली आणि बदल्यात व्याह्याकडून गाडी सजवून घेतली. या गावात माझं नाक आहे. ते मला कापून घ्यायचं नाही.

आणि लिंबं म्हणालात, ते मला लागलं. त्याच लिंबांवर मी आठ वर्षं हा रस्ता तुडवतोय. माझ्या घरी माझी लेक सुखरूप राहणार नाही असं तुमच्या मनात असेल, तर तसं सरळ लिहा. दिव्यांवर कशाला घालता?

तरी तुमची अट ती अट. ती मी माझ्या हिमतीनं पुरी केली आहे. आमच्या गावात इलियास म्हणून माझा लहानपणापासूनचा दोस्त आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्यानं उभ्या करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. मोडीत निघालेल्या एका ट्रकचे दोन ढालीएवढे दिवे त्यानं मिळवले आणि बंपरवर बसवले. वायर तर घरातच निघाली. प्रयागच्या लग्नात मांडवाला दिव्यांची माळ सोडली होती ना? तिची वायर मनकर्णाबाईनं गुंडाळून कोठीत जपून ठेवली होती. लेकीच्या मांडवाची वायर लेकीच्याच बाळंतपणाला कामी आली. याच्यापेक्षा चांगला शकुन कोणता?

परवा दिवे लावून बघितले. शेजारच्या फकिराचा कोंबडा पहाट झाली समजून आरवला. आता तरी मुलीला पाठवणार ना?

कडूबा

---

मुकुंदवाडी
३ डिसेंबर १९८३

श्री. कडूबा नवले यांस नमस्कार.

तुमचा शकुन मला मान्य आहे. वायर मान्य नाही.

मांडवाच्या माळेची वायर बोटाएवढ्या बल्बांसाठी असते. ट्रकच्या दिव्यांचा भार तिला झेपायचा नाही. ती वायर तुम्ही जुन्याच बटनावर जोडली का? फ्यूज आहे का? रिले नाही हे तर तुम्ही न लिहिताच कळलं. दिवे पाच-दहा मिनिटं छान लागतील. त्यानंतर काय होतं ते मी वर्कशॉपात पुष्कळदा पाहिलेलं आहे. हात दाखवून अवलक्षण करू नका. हे पत्र मिळाल्यावर दिवसाउजेडीच गाडी काढा, अंधार पडल्यावर नको.

तुमच्या घराबद्दल माझ्या मनात काही नाही. रीत मलाही कळते. खोकं माळ्यावर ठेवलं आहे.

उलट टपाली लिहा.

काकासाहेब

---

मुकुंदवाडी
१५ डिसेंबर १९८३

आबा, प्रयागचा नमस्कार. मायलाही सांगा.

माझ्या सासऱ्यांच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाही. मामा रोज दारात बसून पोस्टमनची वाट बघतात आणि बघत नसल्यासारखं करतात. उत्तर का आलं नाही ते आम्हाला परवा कळलं. मोहियोद्दीनचाचांनी सांगितलं.

त्यांची एसटी कन्नडहून पिशोरला येत होती, तर वाटेत तुम्ही आणि इलियासचाचा. बोनेटमधून धूर निघतोय आणि तुम्ही दोघं ओंजळीनं माती टाकताय. गाडीतले सगळेच दिवे गेलेले. मग म्हणे एसटी पुढं सावकाश चालली आणि तुम्ही तिच्या मागच्या लाल दिव्याचं शेपूट धरून गावात आलात. चाचा सांगताना पोट धरून हसत होते. मामा हसले नाहीत. उठून आत जाऊन बसले, जेवलेसुद्धा नाहीत. मी आधी रडले आणि मग हसले. आबा, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?

आता नीट ऐका. मला डोहाळे लागलेत. आत्याबाई रोज विचारतात, काय खावंसं वाटतं? चिंच नको, पेरू नको, काही नको. मला एकच सारखं वाटतं. आपल्या गाडीत पुढं तुमच्याशेजारी बसावं, दिवे लख्ख लागलेले असावेत आणि पिशोरची वाट पार लांबपर्यंत दिसावी. डोहाळा पुरवणं माहेरच्या माणसाचं काम आहे. नाही पुरवला तर बाळाची लाळ गळत राहते, असं मायच गावभर सांगत असते. जन्मभर नातवंडाची लाळ पुसायची असेल तर बसा रुसून.

खोकं घेऊ नका. तुमची रीत मोडा असं मी म्हणणार नाही. सामान तुमचं तुम्ही आणा, पण हात मामांचे लागू द्या. व्याही पाव्हणा म्हणून तुमच्या दारी आला, तर त्यात कुठली रीत मोडते?

इथं मला कोणी काही कमी करत नाही. आत्याबाई तर हातातला तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. पण पहिली वेळ आहे, आबा, आणि मला भीती वाटते. मला माय पाहिजे. तुमच्या दोघांच्या ताठ्यात मला इथंच ठेवू नका.

तुमची
प्रयाग

---

पिशोर
२१ डिसेंबर १९८३

काकासाहेब, रामराम.

प्रयागचं पत्र आलं. लेकीनं बापाचा कान धरला आणि बरोबर धरला.

धूर निघाला, हे खरं. तुमचं पत्र त्याच दिवशी सकाळी पोचलं होतं हेही खरं. मी ते वाचलं, खिशात घातलं आणि तुमची जिरवायची म्हणून मुद्दाम संध्याकाळचाच कन्नडहून निघालो. दिवे असे झकास लागले होते की इलियासला म्हटलं, "व्याह्याला लिहितो, म्हणावं बघ." तेवढ्यात पायाशी जळका वास आला. इलियास आता म्हणतो, "कडूबाभाई, पानी की मोटर अलग, चार चाक की मोटर अलग." हे ज्ञान त्याला आधी सुचलं असतं तर आम्ही माती उधळली नसती.

मनकर्णाबाई त्या रात्रीपासून माझ्याशी बोलत नाही. शेळीशी बोलते आणि मला ऐकवते. "बाई गं, तुझ्या मालकाला नाक लई मोठं आन् डोकं लई बारीक," असं चाललेलं असतं.

आता विनंती करतो, आणि ही मनापासून. कोणतं सामान किती आणायचं ते तेवढं लिहून पाठवा. मी कन्नडहून आणतो. सामान माझं, गाडी माझी, हात तुमचे. तुम्ही या. जेवायला या, राहायला या, आणि जाता जाता गाडीकडंही बघा. इलियास हाताखाली राहायला तयार आहे. म्हणतो, "चुकलं ते चुकलं, आता शिकून तरी घेऊ."

वाट बघतो.

कडूबा

---

पिशोर
४ जानेवारी १९८४

काकासाहेब, रामराम.

तुम्ही रविवारी आलात आणि दिवसभर आमच्या अंगणात गाडीखाली आडवे पडलात. गावात दुसरा विषय नाही. "कडूबानं मुलीच्या सासऱ्याला बनियनवर गाडीखाली घातलं," असं बायका पाणवठ्यावर बोलतात. चतुराबाई म्हणून आमची एक चुलती आहे, ती तर घरी येऊन मला म्हणाली, "आरं, जावई आला की त्याला आता विहिरीत उतरव." म्हणू दे. मी पहिल्यांदाच लोकांचं बोलणं हसून ऐकतोय.

दिव्यांचं काय सांगू? त्या दिवशी अंधार पडल्यावर मी आणि इलियास वेशीबाहेर गेलो. आधी फक्त जुने दिवे लावले. माझा विश्वास बसेना. तेच दिवे, तेच बल्ब, आणि समोर दूध सांडल्यासारखा रस्ता. मग खालचे दोन लावले तर दोन्ही बाजूंचे बांध उजळले. पुलाच्या पुढच्या वळणावर एक मोठी बाभूळ रस्त्यावर झुकलेली आहे. आठ वर्षं मी तिच्या अंगाला घासून जात होतो आणि मला तिचा पत्ताच नव्हता. इलियास म्हणाला, "या अल्ला, हम अब तक जिंदा कैसे?"

तुम्ही बजावलं ते दोघांच्याही ध्यानात आहे. गाडी उभी असताना खालचे दिवे लावायचे नाहीत, बॅटरी बसेल. फ्यूज गेला तर त्या जागी तार बांधायची नाही. दिव्यांच्या पट्टीखालचा रंग खरवडून तुम्ही अर्थिंग दिलं, तिथं मनकर्णाबाईनं हळदीकुंकू लावायला घेतलं होतं. मी हात धरला.

पण एक गोष्ट मनाला लागली आणि ती लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मनकर्णाबाईनं पुरणपोळी केली होती, गादी घातली होती. तुम्ही अर्धी पोळी ताटात टाकली आणि तीनच्या एसटीला धावलात. मी म्हटलं, "राहा." तुम्ही म्हणालात, "सून घरात आहे." बरं, मुक्काम नको, पण शेवटच्या गाडीनं गेला असतात तर? तासभर अंधार होऊ दिला असता तर दिवे लागलेले तरी बघितले असते. रांधणारी बाईसुद्धा जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघते, पाव्हणे. दिवसभर अंग मोडून केलेलं काम तुम्ही न बघता गेलात. आमचं कुठं चुकलं?

कडूबा

---

मुकुंदवाडी
१० जानेवारी १९८४

कडूबा, नमस्कार.

तुमचं काही चुकलं नाही. पुरणपोळी उत्तम होती.

जे लिहितो आहे ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आमच्या मुलाला, बन्सीलासुद्धा नाही. तुम्ही माझी सून तुमच्या जबाबदारीवर नेणार आहात, म्हणून तुम्हाला कळलं पाहिजे. सारजाबाईंना विचारूनच लिहितो.

सत्तावन्न साली ही पहिल्या वेळेला माहेरी होती. तिचं माहेर लासूर स्टेशनपासून आत, चार कोसांवर. रीत म्हणून आम्हीच पाठवलं होतं. मी तिला भेटायला गेलो आणि त्याच दिवशी संध्याकाळी कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, माझ्या हातचं काम नाही, दवाखाना गाठा. बैलगाडी जुंपली. लासूरला रेल्वे पकडून औरंगाबादला आणायचं ठरलं. वाटेत कंदिलाची काच तडकली आणि वाऱ्यानं तो विझला. अमावास्या जवळ होती. गाडीवान अंदाजानं हाकत होता. एक चाक ओढ्यात उतरलं ते काही केल्या वर येईना. मी आणि मेहुणा चाकाला खांदा लावून होतो. मुलगा तिथंच झाला. थोडा वेळ होता, मग नव्हता. मला त्याचा चेहरासुद्धा दिसला नाही, कारण उजेड नव्हता.

त्यानंतर दिवस मावळल्यावर आम्ही दोघं कधी गावाबाहेर पडलो नाही. लोकांना मी सांगतो की डोळ्यांना त्रास होतो. पुढच्या वर्षी एसटीत लागलो आणि दिव्यांच्या कामावर आलो. त्या दुःखापायी लागलो असं म्हणणार नाही, पोटापायी लागलो. पण वर्कशॉपातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे मी दोनदा तपासायचो. बाकीचे लोक हसायचे.

तुमच्या अंगणात काम करताना मला फार बरं वाटत होतं. उन्हं कलू लागली तसा माझा जीव घाबरा झाला. तुमच्यासमोर तसं दिसू नये म्हणून उठलो. मी तुमच्या घरावर नाही, अंधारावर अविश्वास दाखवत होतो. तुम्ही तो स्वतःच्या अंगाला लावून घेतलात, यात तुमचा दोष नाही. मी दिव्यांबद्दल पानंच्या पानं लिहिली आणि जे लिहायला हवं त्याची एक ओळही लिहिली नाही.

सुनेला न्यायला १८ तारखेला या, पण सकाळी या आणि उजेडात पोचा. तिचा तो डोहाळा पिशोरात गेल्यावर पुरवा. संध्याकाळी वेशीपर्यंत नेऊन फिरवून आणा, हळू.

तिला जपा, एवढंच.

काकासाहेब

---

पिशोर
२० फेब्रुवारी १९८४

काकासाहेब आणि सारजाबाई, दोघांनाही रामराम.

तार पोचलीच असेल. बन्सीराव काल येऊन बघूनही गेले. तरी झालं ते माझ्या हातानं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी एक सांगतो. प्रयागला न्यायला आलो, तेव्हा तुमच्या त्या पत्राबद्दल मी एक शब्द बोललो नाही. तुम्हाला वाटलं असेल, गडी दगडाचा आहे. पत्र मी मनकर्णाबाईलाही वाचून दाखवलं होतं. तुमच्या दारात आल्यावर सारजाबाईंचा चेहरा बघितला. आणि नुसता रामराम करून निघालो. नाकाच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला त्या दिवशी स्वतःच्या नाकाची लाज वाटली.

आता मुख्य गोष्ट. महिनाभर आम्ही अंधाराची तयारी केली. इलियास रोज संध्याकाळी येऊन चारी दिवे लावून बघायचा, बॅटरीत पाणी घालायचा. मी कपडे घालूनच झोपायचो. आणि तुमच्या नातीनं आमचा असा पचका केला म्हणता! शनिवारी भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना, प्रयाग म्हणाली, "आबा, गाडी काढा." उन्हानं रस्ता भाजत होता. दिव्यांची गरज किती, तर काडीची नाही.

मी गाडी सुरू केली आणि चारी दिवे लावले.

का लावले ते विचारू नका. हात आपसूक गेला. समोरून येणारा प्रत्येक जण हात नाचवून खुणा करत होता, की दिवे लागलेत, दिवे लागलेत. एक ट्रकवाला तर थांबून ओरडला. मागं मनकर्णाबाईशेजारी बसलेला इलियास म्हणाला, "कडूबाभाई, लाइटां चालू हैं!" मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे चालू." प्रयाग माझ्याशेजारीच बसली होती. कळ आली की माझ्या दंडाला नखं रुतवायची आणि कळ ओसरली की हसायची. म्हणाली, "आबा, दुपारी दिवे लावून चाललेला बाप मी पहिल्यांदा बघते." कन्नडच्या दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हाच ते बंद केले.

अर्ध्या तासात मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "दोघी छान आहेत." मनकर्णाबाई तिथंच फरशीवर बसली आणि रडली. मीही रडलो, लपवत नाही. पोरगी गोरीगोमटी आहे, कपाळावर तुमच्यासारखी आठी आहे. माझ्याकडं तिनं असं बघितलं, की माझा कुठला तरी नट ढिला आहे हे तिला कळलं असावं.

आता बारसं. बाराव्या दिवशी, म्हणजे बुधवारी २९ तारखेला, आमच्या घरी. तुम्ही दोघांनी आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघावं, म्हणजे दुपारपर्यंत उजेडात पोचाल. मी सगळं तसंच ठरवलं आहे. घाई नाही, अंधार नाही, काही नाही. नाव काय ठेवायचं ते सारजाबाईंनी ठरवून आणावं. इलियासनं उजेडावरून दहा नावं काढली आहेत, तेव्हा लवकर ठरवा.

वाटेकडं डोळे लावून
कडूबा

---

मुकुंदवाडी
२४ फेब्रुवारी १९८४

कडूबा, नमस्कार.

पत्र सारजाबाईंना दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही भरदुपारी दिवे लावलेत तिथं मला पुढं वाचता येईना, मग शेजारून मोहियोद्दीनना बोलावून उरलेलं वाचून घेतलं.

नाव दिव्याबत्तीचं ठेवायचं नाही. इलियासला कळवा. नाव ठरलं आहे, पण ते बारशालाच कळेल.

आम्ही दोघं मंगळवारी निघतो. सकाळची गाडी मला माहीत आहे. तरी आम्ही शेवटच्या गाडीनं येणार आहोत. हे मी नाही, सारजाबाईंनी ठरवलं. म्हणाल्या, "इतकी वर्सं अंधाराला भिऊन बसलो. आता नातीकडं जाताना तरी नाय भ्यायचं." मग म्हटलं, ठीक आहे.

कन्नडला उतरेपर्यंत चांगलाच अंधार झालेला असेल. तुम्ही गाडी घेऊन स्टँडवर या. पुढच्या सीटवर सारजाबाई बसतील.

काकासाहेब